रोह्याच्या डॉक्टरबाई

वसुधा गेल्याची बातमी मला नामदेवनं दिली. गडबजवळच्या मिठागरावर काम करणारा हा माझा जुना पेशंट. पेणच्या माझ्या दवाखान्यात सकाळची गर्दी होती. तो नंबर न लावता सरळ आत आला. "बाई, रोह्याच्या डॉक्टरबाई गेल्या म्हंतात. खरं हाय?" मी नाही म्हणाले आणि रोह्याला फोन लावला. तिच्या भावानं उचलला... खरं होतं. मुंबईत हृदयविकाराचा झटका आला होता. चाळिशीही गाठली नव्हती तिनं. आणि रडू येण्याआधी माझ्या मनात आलं ते हे, की माझ्या मैत्रिणीची बातमी माझ्याआधी माझ्या पेशंटला कळली.

मेडिकल कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. मी पाठांतर करकरून दमायचे. वसुधा माझ्याकडून सगळं ऐकून घ्यायची आणि परीक्षेत माझ्या पुढे जायची. डिग्रीनंतर मी पेणला दवाखाना थाटला, ती मुंबईला संशोधनात शिरली. मलेरियाचा एक प्रकार माणसाला बेशुद्ध का करतो, एवढ्या एका प्रश्नामागे ती लागली होती. दिवाळीला रोह्याला जाताना पेणला उतरायची, तेव्हा तिच्या तोंडी तेच. मी खोकल्याची औषधं लिहीत ऐकायचे आणि आतून जळायचे.

अशाच एका दिवाळीत नामदेवनं बायकोला, हिराला, उचलून आणलं. ताप, झटके, मग शुद्धच नाही. रक्त तपासलं, मलेरिया निघाला, पण जंतू थोडेच दिसत होते. मी क्विनाइनची सलाइन लावली. दुसऱ्या दिवशीही हिरा डोळे उघडेना. "जंतू थोडे हायत ना बाई? मंग ही बोलत का नाय?" नामदेवनं विचारलं. मी म्हटलं, औषध चालू आहे, धीर धर. वसुधा तेव्हा माझ्याकडेच आलेली. ती त्याच्याजवळ बाकावर बसली.

"गवतातून चाललास की धोतराला कुसळं चिकटतात ना?" ती म्हणाली. "हा जंतू रक्ताच्या लाल पेशीत शिरतो, आत आपली प्रथिनं बनवतो आणि पेशीच्या अंगावर आणून लावतो. त्या कुसळांनी पेशी मेंदूतल्या बारीक नळ्यांना चिकटून बसतात. रक्ताची वाट अडते. बोटातून काढलेल्या रक्तात चिकटलेले जंतू येणार कुठून? ते वर अडकलेत."

"सुटतील?"

"औषधानं मरतील, मग वाट मोकळी होईल. पण मी खात्री देत नाही, दादा."

नामदेव रडला, पण मग शांत बसून राहिला. इतका वेळ तो माझ्यासमोर येरझाऱ्या घालत होता... सलाइन माझी, जागरण माझं, साखर उतरू नये म्हणून तासातासाला ग्लुकोज बघणं माझं. तिसऱ्या दिवशी हिरानं डोळे उघडले, पाणी मागितलं. नामदेव माझ्या पाया पडला आणि लगेच म्हणाला, "रोह्याच्या बाईंना कळवा हां. त्यांनी सांगितलेलं तसंच झालं." पुढे हिराला मुलगी झाली. बाळंतपण मी केलं. नाव ठेवलं वसुधा.

ते कळवलं तेव्हा ती फोनवर मनापासून हसली. "अगो, तुझं ठेवायला हवं होतं." एवढं तिला समजत होतं, म्हणून तर राग धरता यायचा नाही. तो जंतू आपली प्रथिनं सारखी बदलतो, शरीरानं ओळखायच्या आत दुसरी पुढे करतो, हे नव्यानं उलगडलं तेव्हाही तिनं पहिला फोन मलाच केला होता. मी "छान" म्हणाले आणि पेशंट आहेत म्हणून ठेवून दिला.

गेल्या आठवड्यात रोह्याला गेले. तिच्या आईनं तिची खोली उघडली. खिडकीशी कॉलेजच्या काळातला जुना मायक्रोस्कोप होता. सुट्टीतही ती रोज सकाळी त्याच्यापाशी बसायची म्हणे. "तू ने बाळा, तुझ्या उपयोगाचा," आई म्हणाली. भिंगाखाली नमुन्याची एक काच तशीच लावलेली. मी डोळा लावला. सगळं धूसर. तो वसुधाच्या नजरेला जुळवून ठेवलेला होता. मी बराच वेळ तसंच धूसर बघत राहिले, मग फोकसच्या चाकाला हात न लावता तो उचलून घरी आणला.