छत्रीएवढी वाट

गोपाळराव गेले, हे मला गिऱ्हाइकाकडनं कळलं. मी विचारलं, "कुठं गेले, तंजावूरला?" त्यानं वर आभाळाकडं बोट केलं... मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मला सगळं उशिराच कळतं. शाळेत गेलोच नाही. हेसुद्धा मी बोलतोय आणि मुलगी लिहून घेतेय.

इकडं तमिळ मुलखात, वेलचेरीत स्टेशनजवळ फुटपाथवर माझी वडापावची गाडी, पुढं गिऱ्हाइकांना बसायला बाकडं. गोपाळराव तंजावूरकडचे मराठी, रिटायर क्लार्क. बोलणं जुन्या पत्रातल्यासारखं, मधेमधे तमिळ. रोज चालत यायचे आणि वाट मोजायला काखेतली छत्री बाकड्यापासून फुटपाथच्या कडेपर्यंत आडवी ठेवायचे. मावली तर "सरी, सरी", म्हणजे ठीक. नाही मावली तर, "माधवा, वाट चालणाऱ्याची, की तुझ्या बाकड्याची?" मी बाकडं सरकवायचो. त्यांची पाठ वळली की परत होतं तिथं.

एकदा त्यांनी माझा फोटो काढला. मी केसबिस विंचरून उभा राहिलो. आठवड्यानं अर्ज घेऊन आले. चालणाऱ्यांसाठी, सायकलवाल्यांसाठी राज्यानं कायदा करावा, म्हणून. मी ऐटीत पहिला अंगठा उठवला. मग एका आयटीवाल्या गिऱ्हाइकानं वाचून दाखवलं, "अडथळ्याचा नमुना, फोटो सोबत." फोटोत मी, दात काढून!

"काका, माझ्याच पोटावर पाय?"

"तुज हटवा म्हटलं नाही रे. विकणाऱ्यास जागा, चालणाऱ्यास वाट, दोन्ही मागितलंय. अंगठा परत हवा?"

अंगठा परत कसा घेतात ते मला माहीत नव्हतं. राहू दिला.

पुढं मीच माझ्या बाकड्याला अडखळून पडलो, पाय प्लास्टरमध्ये. कुबडी घेऊन निघालो तर फुटपाथभर मोटारसायकली. उतरलो रस्त्यावर, मागं बस बोंबलतेय. गोपाळराव घरापर्यंत सोबत यायचे, मला आतल्या बाजूला ठेवून. सत्तरी उलटलेला माणूस!

"काका, बसच्या बाजूला मी येतो."

"नको. अर्जावर पहिला अंगठा तुझा. तुज जपलं पाहिजे."

कायदा अजून व्हायचाय. गोपाळरावांच्या मागं काकूंनी त्यांची छत्री मला दिली. परवा पाऊस आला म्हणून उघडली... कापडाची चाळणी, दोन काड्या गायब. एवढी वर्षं हा माणूस छत्री काखेत धरून भिजत यायचा आणि मी हसायचो. मिटली. फुटपाथवर आडवी ठेवली. चार बोटं कमी पडत होती. बाकडं सरकवलं. सवयीनं वळून बघितलं, कोण नव्हतं... तरी परत नाही सरकवलं.