म्हसोबाचा कान

आमच्या घरात अर्ज सोडला तर कुणी कधी काही लिहिलेलं नाही. मीही भूशास्त्राच्या दुसऱ्याच वर्षाला आहे. तरी एका दगडाबद्दल लिहायला बसलोय, त्याची आधीच माफी मागतो.

धारूरच्या घाटाखाली आमचं रान आहे. बांधावरचा म्हसोबा वडिलांना नांगरताना सापडलेला, नारळाएवढा. दर रविवारी त्याला तेल-शेंदूर. गेल्या वर्षी शेंदराची जाड खोळ आपोआप गळून पडली. खाली दगडाची साल काळी, चकचकीत होती. पण जिथे टवका उडाला होता, तिथे तो फिकट करडा दिसला. आमच्याकडचा दगड आतूनही काळाच असतो. मला वाटलं, ही उल्का तर नसेल?

तुकडा कापायचा म्हटल्यावर चुलते भडकले. शेवटी म्हणाले, "काप. पर आपल्याच रानातला दगुड निघाला, तर देवाचा कान कापला म्हनून जलमभर शेंदूर तूच लावायचा. कॉलेज-बिलेज बंद."

वडिलांनी छिन्नी आणून दिली. म्हणजे अट मान्य.

देव परगावी उघडा कसा जाणार, म्हणून आईने तुकड्यालाही शेंदूर फासला. मला अडवायचं धाडस झालं नाही. प्रयोगशाळेचा अहवाल आला, त्यात शिसंच शिसं. शेंदरातलं.

"उल्का पाठवलीस की रंग?" आमचे सर हसले आणि त्यांनी आतला भाग कापून पुन्हा पाठवला.

मग चुलते रोज विचारायचे, "काय म्हंतोय कान?"

मी सांगायचो, सूर्यमाला नवी होती तेव्हा काही लघुग्रह आतून तापून वितळले. जड लोखंड तळाशी बसलं, लाव्हा वर येऊन थिजला. आपला काळा दगडही लाव्हाच; पण लोह आणि मँगनीजचं प्रमाण ज्या त्या ग्रह-लघुग्रहाचं वेगळं असतं.

"गुऱ्हाळावानी हाय की," चुलते म्हणाले. "गूळ चाखला की कुणाच्या कढईतला ते कळतंय."

इतकं नीट मला परीक्षेतही लिहिता आलं नव्हतं.

काल दुपारी आम्ही दोघं हरभऱ्याला पाणी देत होतो. सरांचा फोन आला. हात चिखलाचे, म्हणून स्पीकर लावला.

"लाव्हाच आहे रे," सर म्हणाले.

चुलत्यांनी फावडं टेकवलं. "झालं. शेंदूर तुझ्याकडं."

"पण पृथ्वीवरचा नाही," सर पुढे म्हणाले. "लघुग्रहावरचा आहे."