उतारावरच्या चाळीस पेट्या

"दादा, ओढा ना आता. आत जीव आहेत," मंगलताई तिसऱ्यांदा म्हणाल्या.

मी विंचचा रिमोट हातात घेऊन उभा होतो आणि बटण दाबत नव्हतो. सुरगाण्याच्या अलीकडचा कच्चा रस्ता. सकाळचे साडेआठ. उतारभर खुरासणी फुललेली होती, पण धुक्यात तिचा पिवळा रंग दुधात हळद टाकल्यासारखा दिसत होता. माझ्या जीपपासून निघालेला वायर रोप त्या धुक्यातून पुढे गेला होता आणि त्याच्या टोकाला एक पिक-अप सावलीसारखी कलंडून उभी होती. तिच्यातून एकसारखा गुणगुणाट येत होता. मधमाश्यांच्या चाळीस पेट्या होत्या तिच्यात.

मी अंबडला एका कारखान्यात एकवीस वर्षं क्रेनच्या मेंटेनन्सला होतो. ते सोडल्यावर अडकलेल्या गाड्या काढायचं काम धरलं. माझ्या जीपला पुढे विंच आहे. विंच म्हणजे मोटरवर फिरणारा लोखंडी ड्रम आणि त्यावर गुंडाळलेला वायर रोप. रोपचं टोक अडकलेल्या गाडीला लावायचं आणि बटण दाबायचं. रोप गुंडाळत जातो, गाडी येते. दिसायला विहिरीच्या रहाटाइतकं सोपं. पण रोपवर ताण आला आणि कुठे काही सुटलं, तर जे सुटेल ते वेगाने उलटं येतं. वाटेत कोण उभं आहे हे ते बघत नाही.

मंगलताई दिंडोरीकडच्या. पाऊस ओसरला की खुरासणीच्या फुलोऱ्यावर पेट्या आणून ठेवतात. प्रवासात पेट्यांची दारं जाळीने बंद असतात. मुक्कामाला पोचलं की उन्हं तापायच्या आत ती उघडावी लागतात. नाहीतर माश्या आत घाबरतात, त्यांच्याच अंगाची गरमी वाढते, मेणाच्या पोळ्या वितळतात आणि सगळं घर संपतं. त्या दिवशी पहाटे वळणावर रस्त्याची कड खचली आणि पिक-अपची मागची चाकं खाली गेली. खाली ओहोळ होता. ताई आणि ड्रायव्हर रामदास दोघं धडधाकट बाहेर आले. नाशिकहून मी पोचेपर्यंत दोघंही तिथेच बसून होते.

पेट्या उतरवता आल्या नसत्या. कलंडलेल्या गाडीत माणूस चढवला असता तर गाडी आणखी सरकली असती. तिथेच जाळ्या उघडल्या असत्या तर माश्यांच्या घोंघावण्यात आम्हाला काम करता आलं नसतं. म्हणजे गाडीच वर घ्यायची होती.

आणि मी थांबलो होतो तो जानूबाबांसाठी. शेत त्यांचं. ते रोपपासून चार हातांवर, बांधावर निवांत बसले होते.

"बाबा, तिथून उठा."

"माझ्या बांधावरून मला उठवतो व्हय?"

"रोप सुटला तर लागेल."

"लय वर्सं बसतोय हितं. काय नाय व्हत."

मी रिमोट बॉनेटवर ठेवला आणि हाताची घडी घालून उभा राहिलो. रामदास वैतागला. ताई सूर्याकडे बघत होत्या, म्हणजे धुक्यात जिथे थोडं जास्त पांढरं होतं तिकडे. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग गुडघ्यावर हात देऊन उठले आणि रस्त्याच्या वरच्या अंगाला मोहाच्या झाडामागे जाऊन उभे राहिले. ताई आणि रामदासलाही मी तिकडेच पाठवलं.

हे मी बरोबर केलं. आता चूक सांगतो.

पिक-अपचा कंपनीचा हुक तुटलेला होता. बंपरला एक लोखंडी कडी वेल्डिंग करून लावलेली होती. तिच्यावर छान काळा रंग होता. "साहेब, मजबूत हाय, मागच्या वर्षीच लावली," रामदास म्हणाला होता. एकवीस वर्षं मी जोड तपासत आलो. रंगाखालचा जोड डोळ्यांना दिसत नाही, हे मी कारखान्यात नव्या लोकांना शिकवायचो. पण ताईंचा चेहरा समोर होता, तो गुणगुणाट कानात होता. मी आल्या आल्या त्याच कडीत हुक अडकवला होता. नियमाप्रमाणे रोपच्या मध्यावर भिजवलेली जाड घोंगडी टाकली. रोप सुटलाच तर तिच्या वजनाने खाली पडतो. जीपचं बॉनेट उघडं केलं, म्हणजे काच वाचते. मी स्वतः उघड्या दाराच्या आडोशाला गेलो आणि बटण दाबलं.

रोप ताणला गेला. त्यावरचं दंव एकदम झडलं. पिक-अप वीतभर हलली.

मग फाटकन आवाज झाला. कडी बंपरपासून उखडली आणि हुकासकट परत आली. ती येताना मला दिसली नाही. दिसली ती घोंगडी, हवेत एखाद्या मोठ्या पाखरासारखी उघडलेली आणि लगेच मिटून खाली बसलेली. हुक बांधात रुतला. बाबा बसले होते तिथून हातभर अंतरावर. ते तिथे असते तर लागलंच असतं असं मी म्हणणार नाही. पण तो हुक उपटायला नंतर मला दोन्ही हात लावावे लागले.

पिक-अप पुन्हा वीतभर खाली गेली आणि थांबली. नुसत्या माश्या बोलत होत्या, आणि आता त्यांचा आवाज चढला होता.

"माझं चुकलं," मी ताईंना म्हटलं. "आता अर्धा तास जाईल. पण नीट करतो."

त्या फक्त म्हणाल्या, "करा."

आम्ही पुढच्या चाकांना दगड लावले. रामदासला गाडीची चॅसी, म्हणजे खालचा मूळ लोखंडी सांगाडा, पाठ होती. त्याने बाजूने हात घालून साखळी दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना गुंतवली. मग ती तीनदा ओढून पाहिली. साखळीला मी पुली लावली. रोप पुलीतून फिरवून परत आणला आणि मोहाच्या झाडाला बांधला. असं केलं की ओझं रोपच्या दोन पदरांवर वाटलं जातं. गाडी निम्म्या वेगाने येते, पण विंचला निम्मंच जड जातं. झाडाला रोप थेट बांधला तर साल कापली जाते, म्हणून रुंद पट्टा वापरला. बाबांनी पट्टा बोटांनी चाचपला आणि मान हलवली. मग कोणी न सांगता ते रस्त्यावर बरेच वर जाऊन उभे राहिले. जाताना ताईंनाही हाक मारून घेऊन गेले.

घोंगडीबरोबर या वेळी दोन भिजलेली गोणपाटंही टाकली, प्रत्येक पदरावर एक. पुन्हा बटण दाबलं.

त्यानंतरची दहा मिनिटं मला आजही नीट लागोपाठ आठवत नाहीत. ड्रम इतका सावकाश फिरत होता की फिरतोय का, असं वाटावं. धुकं उतारावरून वर सरकत होतं आणि त्याच्या मागून पिवळा रंग उलगडत होता, आधी एक वाफा, मग आणखी एक, मग सगळा डोंगर. त्या पिवळ्यातून पिक-अप वर येत होती. कोणी तिला ओढत नसून उतारच तिला हळूहळू परत देत होता, असं वाटत होतं. मागची चाकं रस्त्यावर चढली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. रामदासने हात वर केला. मी बटण सोडलं.

ऊन तोवर अंगाला लागायला लागलं होतं. पेट्या आम्ही चौघांनी उतरवल्या, बाबांनीही. ताईंनी एकेक जाळी काढली. माश्या बाहेर यायच्या, पेटीसमोर तोंड करून हवेत डोलायच्या. "जागा पाठ करतायत," ताई म्हणाल्या. मग वळून फुलांवर जायच्या. बघता बघता सगळा उतार गुणगुणायला लागला. मला उभ्या उभ्या झोप येईल असा तो आवाज होता.

चार पेट्यांतून कोणीच बाहेर आलं नाही. ताईंनी त्यांना कान लावून पाहिलं, झाकणं उघडली, पुन्हा लावली.

"पहिल्या वेळी कडी तुटली नसती तर वाचल्या असत्या का?" मी विचारलं.

खोटं बोलून माझं समाधान करायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"दोन तरी वाचल्या असत्या," त्या म्हणाल्या. "पण बाबा उठले नसते तर मी आज या छत्तीसही मोजल्या नसत्या."

परत आल्यावर मी जीपच्या टूलबॉक्समध्ये एक वायर ब्रश टाकला. आता कोणी कितीही घाईत असो, जोडावर रंग दिसला की आधी तो खरवडतो आणि जोड पाहतो. दोन मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात लोक मला बरंच काही बोलतात. मी खरवडत राहतो.