आधी चावी, मग पैसे

माझ्या बाबांनी अर्ध्या शहराला गाडी चालवायला शिकवलं आणि स्वतः जन्मभर बसने फिरले. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी जी सीट असते, तिच्यापुढेही एक ब्रेक असतो. त्या ब्रेकवर पाय ठेवून बसणं हा बाबांचा पेशा. स्टिअरिंग कायम दुसऱ्याच्या हातात आणि जीव बाबांच्या मुठीत. घरी सोफ्यावर बसून टीव्ही बघतानासुद्धा समोरच्या गाडीने वळण घेतलं की त्यांचा पाय आपोआप टीपॉयवर आपटायचा. टीपॉयचा एक पाय त्यातच गेला.

एकदा त्यांच्याकडे बँकेतला एक साहेब शिकायला आला. क्लच सोडताना गाडीला गचके बसायचे, पण साहेबाच्या तोंडाला खंड नव्हता. "सर, ध्येय ठरवायचं, त्याला मुदत द्यायची आणि रोज डोळ्यांसमोर ठेवायचं," असं तो चौथ्यांदा गाडी बंद पाडता पाडता म्हणाला. हे बाबांच्या डोक्यात बसलं. साहेबाच्या डोक्यात क्लच काही बसला नाही.

त्या संध्याकाळी बाबांनी जाहीर केलं, "रिटायर व्हायच्या आत स्वतःची गाडी घेणार. माझ्या हातात स्टिअरिंग आणि शेजारी ब्रेक नाही, अशी."

"शेजारी मी असेन," आई म्हणाली. "ब्रेकची गरज नाही."

फ्रिजवर गाडीचं चित्र लागलं. बाबा रोज दूध काढताना त्याच्याकडे बघायचे आणि मनसोक्त उधळपट्टी करायचे. आता खरं बोलायला हरकत नाही, माझ्या बाबांच्या खिशाला भोक नव्हतं, खिसाच नव्हता. कुणी रडत आलं की हे पाघळले. एका मित्राच्या मशरूमच्या धंद्यात पहिली बचत गेली आणि बदल्यात आम्ही महिनाभर मशरूम खाल्ले. दुसऱ्या बचतीतून व्यायामाची सायकल आली, तिच्यावर आई टॉवेल वाळवते. चित्राचा रंग उडाला तरी गाडीचा पत्ता नव्हता.

शेवटी बाबांनी स्वतःला ओळखलं. वय पन्नाशी ओलांडून गेल्यावर का होईना, पण ओळखलं. ते सरळ मामाकडे गेले.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. बाजाराच्या तोंडाशी त्याचं कुलूपकिल्ल्यांचं दुकान आहे. दुकान कसलं, कपाटाएवढी जागा. मामाइतका चिक्कू माणूस मी पाहिलेला नाही. त्याच्याकडे पाणी मागितलं तर तो आधी विचारतो, "पूर्ण ग्लास?" बँकेवर त्याचा विश्वास नाही, कारण बँकेचं कुलूप त्याने केलेलं नाही. त्याचे पैसे दुकानातल्या लोखंडी पेटीत असतात आणि त्या पेटीचं कुलूप उघडणारा दुसरा माणूस अजून जन्मलेला नाही.

"दर महिन्याला तुझ्याकडे पैसे आणून देईन," बाबा म्हणाले. "पण परत द्यायचे नाहीत. मी रडलो, भांडलो, पाया पडलो तरी नाही. माझ्या गाडीची चावी दाखवली तरच द्यायचे. आणि मीच म्हटलं की ही अट मोड, तरी ऐकायचं नाही."

मामाचे डोळे भरून आले. पैसे परत न देण्याची विनंती त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी केली होती.

वर्षभरातच बाबांना खाज सुटली. शेजाऱ्यांनी भिंतीएवढा टीव्ही आणला होता. बाबांनी स्कूलच्या गाडीची चावी खिशात घातली, मामासमोर नाचवली आणि म्हणाले, "घेतली रे गाडी!"

मामाने चावी हातात घेऊन उलटसुलट केली. "दाजी, ही डुप्लिकेट तुमच्या मालकाला मीच करून दिली आहे. ही बघा, इथे माझी कानस जरा जास्त लागली होती."

बाबा हात हलवत घरी आले आणि आठवडाभर मामाला चिंगूस, कंजूस, मक्खीचूस असं चढत्या क्रमाने म्हणत राहिले.

मग आईच्या पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन उद्याच, आणि पैसे आधी भरा. बाबा धावत दुकानात गेले. मी सोबत होते. "पेटी उघड," बाबा म्हणाले.

"चावी?" मामाने विचारलं.

"अरे तुझी सख्खी बहीण आहे ती!"

"माहीत आहे. गाडीची चावी आहे का?"

त्यानंतर बाबा जे बोलले ते मी लिहू शकत नाही, कारण आई हे वाचणार आहे. मामाने शांतपणे शटर ओढलं आणि दुकान बंद करून चालता झाला. त्या क्षणी मला त्याचा इतका राग आला की त्याच्या कुलपात फेविक्विक ओतावं असं वाटलं.

बाबांनी रात्रीतून स्कूलच्या मालकाकडून पैसे मिळवले. सकाळी हॉस्पिटलच्या काउंटरवर गेलो तर तिथली बाई म्हणाली, "पैसे भरलेत. काल संध्याकाळी एक गृहस्थ रोख भरून गेले. सुटे परत मिळेपर्यंत हलायला तयार नव्हते."

मामाने बाबांच्या पैशाला हात लावला नव्हता. स्वतःचे भरले होते. बाबांनी फोन केला, तर म्हणाला, "तुमचे गाडीचे आहेत. त्यातून खडे कसे काढणार?" आणि कॉलचे पैसे वाचवायला फोन ठेवून दिला, जरी फोन बाबांनी केला होता. आई शुद्धीवर आल्यावर हळहळली, "जन्मात पहिल्यांदा त्याने माझ्यावर खर्च केला, आणि मी नेमकी बेशुद्ध!"

तेव्हापासून बाबांनी पेटीचं नाव काढलं नाही. गपचूप पैसे देत राहिले. नको तिथे पाघळलेच तर वरखर्चाचे पैसे घेऊन पाघळायचे.

निवृत्तीला आठवडा उरला आणि बाबांना गाडी सापडली. जुन्या गाड्या विकणाऱ्या एका दलालाकडे उभी होती. लहानशी, उकडलेल्या वाटाण्याच्या रंगाची, एका दाराला पोचा आलेली. बाबांनी तिच्याभोवती चार फेऱ्या मारल्या आणि वाकून शेजारच्या सीटपुढे पाहिलं. तिथे नुसती चटई होती. एवढे खूश झालेले बाबा मी कधी पाहिले नव्हते.

आम्ही मामाला घेऊन गेलो. दलाल म्हणाला, "पैसे द्या, चावी घ्या."

मामा म्हणाला, "चावी द्या, पैसे घ्या."

"असं कुठे असतं का? आधी पैसे."

"आधी चावी."

बाबा मधे पडले. "अरे बाबा, अट माझीच होती. मीच मोडतो."

"तुम्ही मोडायला सांगाल, हे तुम्हीच सांगितलं होतं," मामा म्हणाला. "तेव्हा ऐकायचं नाही, हेही."

दलाल घड्याळ बघायला लागला. बाहेर एक जोडपं त्याच गाडीला टिचक्या मारून बघत होतं. बाबांचा पाय जमिनीवर ब्रेक दाबायला लागला. इतक्या वर्षांची बचत पाच पावलांवर होती आणि गाडी हातची जाणार होती. मी मामाला मनातल्या मनात पुन्हा फेविक्विक दाखवलं.

मामाने डोकं खाजवलं. मग दलालाला म्हणाला, "चावी नुसती बघायला तरी द्या. तुमच्यासमोरच बसतो."

काखेतली पिशवी उघडून तो पायरीवर बसला. त्यातून एक कोरी चावी काढली, दलालाची चावी तिला चिकटवून धरली आणि कानस चालवायला लागला. दलाल, आई, मी, ते जोडपं, सगळे तोंड वासून बघत होतो. घासून झाल्यावर मामाने भुगा फुंकला, दलालाची चावी दलालाला दिली आणि नवी चावी बाबांच्या हातात ठेवली.

"पितळ माझं, मेहनत माझी, आता दिली तुम्हाला. म्हणजे चावी तुमची. लागते का बघा."

बाबांनी चावी दाराला लावली. दार उघडलं.

"आता दाखवा," मामा म्हणाला.

बाबांनी चावी दाखवली. मामाने ती उलटसुलट करून पाहिली, मान डोलावली, शर्ट वर केला आणि पोटाला बांधलेली थैली सोडली. दुकानातून निघाल्यापासून पैसे तिथेच होते.

कागदावर सह्या झाल्या. आज शेजारी ब्रेक नको म्हणून आईही माझ्यासोबत मागे बसली, मामा आमच्या मधे. बाबा पुढे बसले, दार लावलं आणि समोर बघत थांबले. आम्हीही थांबलो. थोड्या वेळाने बाबा शेजारी बघून म्हणाले, "आरसा नीट करा आणि क्लच दाबा."

शेजारी कुणी नव्हतं. बाबा सवयीने आपल्या रोजच्या सीटवर बसले होते आणि त्यांचा पाय चटईवर ब्रेक शोधत होता.

"दाजी," मामा मागून हळूच म्हणाला, "चावी तुमच्याकडे आहे."

बाबा उतरले, गाडीला वळसा घालून स्टिअरिंगमागे येऊन बसले आणि ओक्साबोक्शी रडायला लागले. मलाही रडू आलं. मामा खिडकीबाहेर बघत राहिला.

"रडून झालं की निघा," आई डोळे पुसत म्हणाली. "मला भूक लागली आहे."

"आणि दाजी," मामा म्हणाला, "डुप्लिकेटचे पैसे राहिलेत."