खालच्या पानापर्यंत पोचणारी ताई

माझी थोरली बहीण पाठीवर पंप बांधून लोकांच्या शेतात फवारणी करते. वीस वर्षं हेच काम. आणि चालते इतकी सावकाश की बघणाऱ्याला जांभया याव्यात. मी तोंडावर म्हणायचो, "ताई, गोगलगाय पुढे गेली बघ." ती म्हणायची, "जाऊ दे. तिला कुठे फवारायचंय?"

यंदा माझं सोयाबीन पहिल्यांदाच बियाण्यासाठी राखलेलं. ऐन शेंगा भरताना तांबेरा रोग आला. खालच्या पानांच्या पाठीवर विटकरी भुकटी! पानं गळली की दाणे चिमणार आणि तपासनीस बियाणं नापास करणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण बहिणीला बोलवायचं? छे! पंप माझाही आहे. अर्ध्या दिवसात बुरशीनाशक मारून मी मिशीला पीळ देत घरी आलो.

आठवड्याने बघतो तर भुकटी आणखी दोन पानं वर चढलेली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. नाक मुठीत धरून ताईचं दार वाजवलं.

तिने शेत नंतर पाहिलं, आधी माझा पंप.

"हे नोझल तणनाशकाचं आहे, शहाण्या. थेंब मोठे पडतात."

"नोझल ते नोझल!"

ती वाद घालत नाही, हा तिचा सगळ्यात वाईट गुण. साध्या पाण्यात तिने कपड्यांची नीळ कालवली. कपड्यांच्याच चिमट्यांनी खालच्या पानांना पांढरे कागद लावले. म्हणाली, "मार आता. तुझ्या चालीने."

मारलं. कागद काढले. कोरे करकरीत! एकावर कसाबसा एक ठिपका. वरची पानं मात्र निळीने न्हालेली. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! अस्सा संताप आला स्वतःचा.

"गेलेली पानं परत यायची नाहीत," ताई म्हणाली. "राहिलेली वाचवू."

दुसऱ्या दिवशी दव सुकल्यावर, वारा उठायच्या आत ती आली. मास्क, हातमोजे, बारीक तुषारांचं नोझल, माझ्यापेक्षा वेगळ्या प्रकारचं बुरशीनाशक. पाणी माझ्या दुप्पट. नळी दोन ओळींच्या मधे खाली घालायची, तोंड वर वळवायचं आणि पाऊल मोजून टाकायचं. मी बांधावर बसून होतो. पहिल्यांदाच मला ती सावकाश वाटली नाही.

पुढचे दिवस मी रोज वाकून पानं उलटायचो. बायको म्हणाली, "एवढं वाकून कधी मोठ्यांच्या पाया पडला नाहीत." पण भुकटी वर चढायची थांबली होती.

तपासनीस आले तेव्हा शेजारचे चारपाच जण जमले होते. तपासनिसांनी शेंगा फोडल्या. दाणे टपोरे. "बियाणं पास," ते म्हणाले. "फवारणी तुम्हीच केलीत?"

'हो' अगदी जिभेवर होतं. खोटं कशाला बोलू? "पहिली मी केली, ती वाया गेली," मी म्हणालो. "दुसरी माझ्या बहिणीने."

मग तडक ताईकडे गेलो. ती कुणाच्या तरी शेतात, पंप चालू.

"ताई, चुकलं माझं."

जन्मात पहिल्यांदा म्हटलं मी हे तिला. तिने पंप बंद केला, मास्क खाली ओढला. "काय म्हणालास? पंपाच्या आवाजात ऐकू नाही आलं."

चांगलं ऐकू आलं होतं तिला. डोळे हसत होते. मी परत म्हटलं, या वेळी सावकाश.