आमच्या घरची फांदी

डोळा लागतो आहे की नाही, सांगता येत नाही. पडवीत गोधडीवर डिसेंबरचं ऊन आलं आहे आणि शेजारून करंज्या तळल्याचा वास येतो आहे. आमच्याकडे यंदा तळण नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, उन्हाळ्यात गेल्या.

आणि आता त्याच माझ्या पायाशी बसल्या आहेत. आजारापूर्वीच्या, भरल्या अंगाच्या.

"करुणे, फांदी कुठंय?"

आमच्या चर्चसमोर नाताळाला लोखंडी खांबाचं झाड उभं राहतं, पाण्याच्या टाकीएवढं उंच. त्याच्या भोकांत घरटी एक फांदी बसते: सळई आणि तिच्यावर प्लास्टिकच्या हिरव्या पट्ट्या. वर्षभर ती ज्याच्या त्याच्या माळ्यावर असते.

"हे म्हणाले, यंदा द्यायची नाही. दुखवटा आहे."

"कुणाचा?"

"तुमचा, आत्याबाई."

"मला इचारलं व्हतं का?"

मला हसू फुटतं. गोधडी सारून उठते तर पडवी नाहीच, दवाखान्यातला त्यांचा वॉर्ड आहे. खाटांच्या मधोमध आमचं झाड छतातून वर गेलं आहे. पेशंट निजल्या निजल्या त्याला घंटा बांधताहेत. आत्याबाई कमरेवर हात ठेवून झाडाभोवती फिरतात आणि एका रिकाम्या भोकापाशी थांबतात.

"बघ. नेमकी रस्त्याकडची. या जागंपायी साळव्यांच्या सोफीसंगं दोन नाताळ बोलले न्हाई मी!"

"पण लोक काय म्हणतील?"

"भोक बघून काय म्हणतील, ते सांग."

मग मी खरं ते बोलून टाकते. "फांदी दरवर्षी तुम्ही लावायचात. मी लावली म्हणजे तुम्ही गेलातच की."

"मंग मी काय माळ्यावरच बसून राहू?"

आम्ही दोघी चर्चच्या पायरीवर बसलो आहोत. मांडीवर फांदी आहे. त्या सैल पट्ट्यांना गाठी मारतात, मी सळई धरते. ऊन छान आहे. मला कसलीच घाई नाही.

"अगं, ऊठ. चहा घे," हे म्हणताहेत.

ऊन पडवीतून उतरलं आहे. माझ्या मुठीत हिरवी पट्टी आहे, तिला आत्याबाईंची दुहेरी गाठ. गेल्या नाताळापासून मी माळ्यावर चढलेली नाही.

"अहो, माळ्याला शिडी लावा."

"कशाला?"

"आत्याबाईंना खाली घ्यायचंय."

ते माझ्या मुठीतल्या पट्टीकडे बघतात, आणि कप तिथंच ठेवून शिडी आणायला जातात.