गव्हर्नरांचं दक्षिण पेरू

इथे आखातात, वादी कबीरला आमच्या इमारतीत हॉलच्या भिंतीवर लोक मुलांचे पदवीचे फोटो लावतात. गव्हर्नरांच्या हॉलमध्ये बुद्धाच्या तसबिरीशेजारी दक्षिण पेरूचा नकाशा होता. तो त्यांनी स्वतः काढला होता, कारण ते राज्य कधीच बुडालंय. एकोणिसाव्या शतकात पेरूचे दोन भाग करून, त्यांना बोलिव्हिया जोडून एक संघराज्य उभारलं होतं. त्यातला हा दक्षिणेचा भाग. चिलीने लढाई जिंकली आणि तीनेक वर्षांतच सगळा कारभार आटोपला. आमची लिफ्ट याहून जास्त काळ बंद होती.

गव्हर्नर मूळचे नागपूरचे, रुसैलच्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर. गव्हर्नरपद आम्हीच बहाल केलेलं. पेरूच्या फोडींचे विनोद आम्ही पहिल्या महिन्यातच संपवले होते.

लढायांत त्यांना रस नव्हता. "नवं राज्य म्हणजे नवी ऑफिसं आली, कारकून आले, शिक्के आले," ते म्हणत. "आणि एका सकाळी निरोप, खलास. ती माणसं दुसऱ्या दिवशी कुठे गेली असतील?"

"वाणसामान आणायला," मी म्हणायचो.

"शक्य आहे," ते गंभीरपणे म्हणत.

इथल्या मराठी मंडळात यावर एक तास बोलायचं, एवढीच त्यांची इच्छा. सेक्रेटरी मी. सात वर्षं मी त्यांना फॅन्सी ड्रेस आणि जेवण यांच्या फटीत बसवत आलो आणि दरवर्षी फट बुजली.

गेल्या वर्षी कारखान्याने त्यांचा विभागच बंद केला. बावीस वर्षांनी महिन्याची नोटीस. निरोपसमारंभात मी त्यांना छापील पत्रिकेत पूर्ण तास दिला. अंताक्षरी लांबली, बिर्याणी आली, रांग लागली. मी माइकवर म्हणालो, "सर, पाच मिनिटांत उरकाल ना?" त्यांनी कागद पिशवीत ठेवले आणि सगळ्यांचे आभार मानले. मला स्वतःची लाज वाटली. तरी जेवलो.

शुक्रवारी दुपारी त्यांना आणि वहिनींना विमानतळावर मीच सोडायला निघालो. रुवी मागे टाकलं. मग मी विचारलं, "सर, दक्षिण पेरूच्या नाण्यांवर सूर्य कशासाठी होता?"

त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मग सुरुवात केली. वाटेतलं गाला आलं तेव्हा राज्य नुकतंच स्थापन झालं होतं आणि कारकून टेबलं मांडत होते.

विमानतळाचा फाटा आला. मी सरळ रुसैलच्या दिशेने गाडी काढली.

"भाऊजी, फाटा गेला. विमान चुकेल," मागून वहिनी म्हणाल्या.

गव्हर्नरांनी मागे वळून फाटा पाहिला, घड्याळ पाहिलं आणि पुढे बोलू लागले.